कामी आले, पण कोणाच्या? : खडकवासला ते मनिला, युद्धस्मारकांचं एक वाचन



साहित्यकृतीची समीक्षा करतात तशी आज आपण काही दगडांची समीक्षा करणार आहोत. युद्धस्मारक हाही एक मजकूरच असतो. त्याला लेखक असतो, वाचक असतो. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद असतं आणि कुठल्याही मजकुरासारखं काही गाळलेलंही असतं. पुस्तक आपण निदान उघडून तरी पाहतो. स्मारकाला मात्र हार घालतो, नमस्कार करतो आणि पुढे जातो. वाचायचं राहून जातं.

आमचा प्रश्न साधा आहे. ज्या देशावर दुसऱ्याचं राज्य आहे, त्या देशातला शिपाई राज्यकर्त्याच्या युद्धात मेला, तर त्याची आठवण कोणी ठेवायची आणि कोणत्या शब्दांत? राज्यकर्ता म्हणतो, त्यानं आमच्यासाठी प्राण दिले. स्वातंत्र्य आल्यावर त्याचेच देशबांधव म्हणतात, तो परक्यांसाठी लढला, त्याचं आम्हांला काय? या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तो माणूस हरवतो. फिलिपिन्स देशात हा प्रश्न आपल्यापेक्षाही जास्त चिघळला, म्हणून शेवटी आपण तिकडे जाऊ. सुरुवात मात्र जिथे बसलो आहोत तिथून करू.

सुदान ब्लॉक

खडकवासल्याच्या जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर आहे. ज्या पाण्यावर पुणं वाढलं ते धरणसुद्धा वसाहतीच्या काळातलं. १८७९मध्ये ते पुरं झालं. जलाशयाला फाइफ या इंग्रज लष्करी अभियंत्याचं नाव होतं आणि शेतीबरोबर पुण्या-खडकीच्या छावण्यांना पाणी पुरवणं हाही त्यामागचा हेतू होता. प्रबोधिनीची कोनशिला जवाहरलाल नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी बसवली आणि जानेवारी १९५५मध्ये तिचं रीतसर उद्घाटन झालं. तिथल्या घुमटाच्या मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक. पुण्यात हयात गेलेल्या माणसाला विचारून पाहा, सुदानच का? बरेचदा उत्तर येत नाही.

हकिगत अशी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४०च्या जुलैमध्ये, इटलीच्या फौजांनी एरिट्रियातून सुदानात शिरून कसाला हे गाव घेतलं. १९४१च्या सुरुवातीला चौथ्या आणि पाचव्या हिंदी डिव्हिजननं त्यांना मागे रेटलं. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये सात आठवड्यांहून अधिक काळ लढाई चालली. ब्रिटिश-हिंदी बाजूची पाचशेहून अधिक माणसं मेली, तीन हजारांहून अधिक जखमी झाली. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण त्या डोंगरांवर होती. या लढायांत हिंदी सैनिकांनी जे केलं त्याच्या स्मरणार्थ सुदान सरकारनं १ लाख पौंड व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे दिले. फाळणी झाली तेव्हा त्या रकमेचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले आणि ते या इमारतीला लागले.

आता हे वाक्य वाचू. 'सुदाननं भारताला कृतज्ञतेनं देणगी दिली.' कर्ता सुदान, ज्याला दिलं तो भारत. पण १९४१ साली 'सुदान सरकार' म्हणजे कोण? कागदावर इंग्लंड आणि इजिप्त यांचं संयुक्त राज्य, व्यवहारात ब्रिटिश गव्हर्नर जनरल. आणि 'भारत' म्हणजे कोण? ब्रिटिश व्हाइसरॉय. म्हणजे देणारा हात आणि घेणारा हात एकाच देहाचे. पैसा सुदानी जनतेचा, प्राण हिंदी शेतकऱ्यांच्या पोरांचे, आणि समोरून मरणाऱ्यांत इटलीनं भरती केलेले एरिट्रियन शिपाई. तीन गुलाम मुलखांची माणसं डोंगरावर एकमेकांना मारतात आणि कृतज्ञतेचा व्यवहार दोन इंग्रज कचेऱ्यांमध्ये होतो.

इथेच थांबलो तर आमची समीक्षा सोपी होईल आणि खोटीही होईल. कारण पुढे एक गोष्ट घडली. १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला. इमारतीचं उद्घाटन १९५९मध्ये झालं, आणि ते केलं स्वतंत्र सुदानच्या भारतातल्या राजदूतांनी. पैसा तोच, नाव तेच, पण आता बोलणारा बदलला होता. जे वाक्य इंग्रजानं सुदानच्या तोंडी घातलं होतं ते सुदाननं स्वतःच्या तोंडानं म्हटलं, आणि ऐकणाराही या वेळी स्वतंत्र होता. कृतज्ञता ही अशी गोष्ट आहे की ती व्यक्त करायला माणूस मोकळा असावा लागतो. १९४१चं वाक्य १९५९मध्ये खरं झालं, असं आम्ही म्हणू.

तरी एक उणीव उरते. नाव देणाऱ्याच्या देशाचं आहे. ज्या डोंगरावर माणसं पडली त्या केरेनचं नाव पुण्यात कोणाला माहीत नाही. देणगीचं स्मरण झालं, पण ज्या कारणासाठी देणगी आली ते कारण मागे पडलं.

'दिले' या क्रियापदाविषयी

दुसरा मजकूर आणखी लहान आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक छोटी शिळा बसवलेली आढळते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं ती बसवली. मजकूर एका साच्यातला. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. संपलं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावातच 'मिलिटरी' आहे. त्या गावचे पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले आणि त्यांचं स्मारक गावात आहे.

त्या साच्यातल्या क्रियापदाकडे बघा. 'दिले.' देणं हा शब्द तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहज सोडून देता येत नाही. देण्यासाठी दोन गोष्टी लागतात. वस्तू माझी असावी लागते आणि न देण्याची मला मुभा असावी लागते. न देण्याची मुभा नसेल तर त्याला आपण वसुली म्हणतो, सारा म्हणतो. माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलापुढे काय पर्याय होते? १८९६-९७चा दुष्काळ, १८९९-१९००चा दुष्काळ आणि त्यातच प्लेग बघितलेली ती पिढी. पगार, कपडे, पुढे पेन्शन, एखाद्याला जमीन. त्यानं विचार करून नाव नोंदवलं असेल. ते शहाणपणाचंही असेल. ती त्याची निवड होती हे आम्ही नाकारत नाही. शिपायाला निव्वळ बाहुलं ठरवणं हाही त्याचा अपमानच. पण भुकेच्या बाजारात केलेला करार आणि दान, यांना एकच क्रियापद लावता येणार नाही.

हा भेद त्या काळात कोणी ओळखला नव्हता असं नाही. १० जून १९१८ रोजी मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद भरवली. टिळक बोलायला उभे राहिले आणि सैन्यभरतीचा प्रश्न स्वराज्याच्या हक्काशी जोडू लागले. गव्हर्नरांनी त्यांना अडवलं. टिळक सभा सोडून निघून गेले. त्यांचा सैन्यभरतीला सरसकट विरोध नव्हता. उलट हिंदी माणसाला अधिकारपद मिळणार असेल तर माणसं देऊ, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचा मुद्दा व्याकरणाचाच होता म्हणा ना. ज्याला 'नाही' म्हणायचा हक्क नाही त्याच्या 'हो'ला किंमत काय?

आपल्या जुन्या मराठीकडे या बाबतीत जास्त प्रामाणिक शब्द आहे. बखरींत लढाईत मेलेल्या माणसाबद्दल 'कामास आले' म्हणतात. आजही आपण 'कामी आले' म्हणतो. हे क्रियापद दानाचा आव आणत नाही. माणूस कोणाच्या तरी कामाला आला एवढंच सांगतं, आणि मग एक प्रश्न आपोआप मोकळा ठेवतं : कोणाच्या? बखरीत तो धन्याचं नाव घेऊन सुटायचा. चावडीतल्या शिळेवर 'दिले' आलं आणि तो प्रश्न विचारायची सोय राहिली नाही.

आपल्याकडे स्मारकाचा आणखी जुना नमुना आहे, वीरगळ. गावाबाहेर, मारुतीच्या देवळापाशी, झाडाखाली पडलेले असतात. खालच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना. पुष्कळ वीरगळांवर नाव नसतं. तेव्हा नाव नसणं हा इंग्रजांचाच दोष, असं आपल्याला म्हणता येणार नाही. पण वीरगळावर एका माणसाची गोष्ट असते. अनेकदा तो गुरं वाचवताना किंवा गाव राखताना पडलेला असतो. त्याच्या मरणाचं कारण गावाला ठाऊक असतं, गाव त्याला शेंदूर लावतं. चावडीतल्या शिळेवर गोष्ट नाही, चेहरा नाही, नावही नाही. आहे तो आकडा, आणि आकडा हा खातेवहीचा शब्द आहे.

नावं आणि आकडे

हा आकड्यांचा प्रकार गावापुरता नव्हता. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कूट इथे वेढ्यात अडकलेली फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, तिच्यात १०३ आणि ११० क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कैदेत कित्येक जण चालत, उपाशी, आजारानं गेले. या मोहिमेतल्या ज्यांची कबर नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मारक बसऱ्याला १९२९मध्ये उघडलं. तिथे ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचं नाव आणि खाली संख्या.

राष्ट्रकुलाच्या युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानं एप्रिल २०२१मध्ये स्वतःचीच चौकशी करून अहवाल दिला. पहिल्या महायुद्धातले सुमारे ४५ ते ५४ हजार आशियाई आणि आफ्रिकी मृत असमान रीतीनं स्मरले गेले, असं त्यात कबूल केलं आणि माफीही मागितली. ज्या संस्थेचं ब्रीद 'मृत्यूनंतर सगळे समान' असं होतं तिला हे म्हणायला शंभर वर्षं लागली.

मग नाव कोणाला मिळालं? इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. नामदेव जाधव यांनाही १९४५मध्ये इटलीतच तो सन्मान मिळाला. ही नावं आपण अभिमानानं घ्यावीत. पण गणित लक्षात घ्या. असामान्य ठरलास तर नाव, साधेपणानं मेलास तर आकडा. इंग्रज शिपायाला नावासाठी असामान्य व्हावं लागत नव्हतं.

कोरेगावचं दुसरं वाक्य

आता तिसरा मजकूर, भीमा-कोरेगावचा. इथे पाऊल जपून टाकायला हवं, कारण या दगडाभोवती आवाज फार आहे आणि वाचन कमी.

१ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनची, सुमारे आठशे लोकांची तुकडी दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या सैन्यापुढे दिवसभर टिकून राहिली. कंपनीनं तिथे स्तंभ उभारला. १८२१मध्ये त्याचा पाया घातला. मजकूर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे. त्याचा सूर विजेत्याचा आहे, ब्रिटिश फौजेच्या पूर्वेकडच्या अभिमानास्पद विजयांपैकी हा एक, असा. पेशव्यांकडून पडलेले त्यावर अर्थातच नाहीत. पण एक गोष्ट तिथे आहे जी शंभर वर्षांनी बसऱ्याला नाही. मेलेल्या देशी शिपायांची नावं आहेत. त्यांत शेवटी 'नाक' असलेली २२ नावं आहेत आणि ती महार शिपायांची आहेत, हे त्या काळच्या नामपद्धतीवरून कळतं.

कंपनीनं ही नावं समतेच्या प्रेमानं कोरली असं समजायचं कारण नाही. तिला शिपाई हवे होते. पुढे नको झाले. १८९०च्या दशकात 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे करून महारांची भरती बंद झाली. आणि इथे दगडाचं नशीब फिरलं. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये सरकारला अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकारानं १९१०मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. या सगळ्या अर्जांचा आधार एकच, आमच्या वाडवडिलांनी तुमच्या फौजेत चाकरी केली, आता दार बंद का? १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले. त्यांचे वडील रामजी सकपाळ स्वतः लष्करात सुभेदार होते. कंपनीनं स्वतःच्या विजयासाठी लिहिलेला मजकूर सरकारच्या विरुद्ध आणि जातिव्यवस्थेच्याही विरुद्ध पुरावा म्हणून वाचला गेला. १९४१मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हा स्तंभ होता.

यात आम्हांला समीक्षेचा एक मोठा धडा दिसतो. बाबासाहेबांनी स्तंभ पाडा म्हटलं नाही, आणि कंपनीच्या सुरात सूरही मिळवला नाही. पहिलं वाक्य तसंच ठेवून त्यांनी त्याखाली दुसरं वाक्य उभं केलं. पहिलं वाक्य म्हणतं, हे आमच्या कामी आले. दुसरं म्हणतं, ज्यांना माणूस म्हणून मोजत नव्हते ते हे होते, आणि त्यांची नावं इथे आहेत. यावर आक्षेप असा येतो की तो विजय तर परक्यांचा होता. आक्षेपातली घटना खरी आहे. पण ज्याला पेशवाईत गावकुसाच्या आत जागा नव्हती त्याला 'आपले' आणि 'परके' हे शब्द आपण कोणत्या तोंडानं शिकवणार? आपलेपण हेही आधी कोणीतरी द्यावं लागतं.

मनिलाची साक्ष

आता समुद्र ओलांडू. परक्या राज्यात मेलेल्या शिपायाचा हिशोब त्या राज्यकर्त्यानं पुढे कसा केला, हे फिलिपिन्समध्ये उघड्या कागदावर दिसतं. १५६५पासून तिथे स्पेनचं राज्य. १२ जून १८९८ रोजी तिथल्या क्रांतिकारकांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेननं २ कोटी डॉलर घेऊन तो देश अमेरिकेच्या हवाली केला. गुलामांना मुक्त केलं म्हणून ज्या अमेरिकन जनतेला जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली, त्याच देशाच्या सरकारनं पंचवीस वर्षांत एक आख्खा द्वीपसमूह विकत घेतला. फेब्रुवारी १८९९मध्ये तिथे युद्ध पेटलं.

सामार बेटावर बालांगिगा नावाचं गाव आहे. २८ सप्टेंबर १९०१ रोजी गावकऱ्यांनी अमेरिकन छावणीवर हल्ला केला, ४८ सैनिक मारले गेले. त्यानंतर अमेरिकन फौजेनं बेटावर भयंकर सूड घेतला आणि गावच्या चर्चच्या तीन घंटा नेल्या. त्यांतल्या दोन अमेरिकेत वायोमिंगच्या लष्करी तळावर स्मारक म्हणून बसवल्या. विचार करा, एकच घंटा. तळावरच्या सैनिकाला ती आपल्या मारल्या गेलेल्या साथीदारांची आठवण, गावाला ती आपल्या देवळातून नेलेली लूट. अमेरिकेतल्या काही माजी सैनिकांनी घंटा परत द्यायला वर्षानुवर्षं विरोध केला, तोही दुष्टपणानं नव्हे, आपल्या मृतांशी इमान म्हणून. डिसेंबर २०१८मध्ये, ११७ वर्षांनी, घंटा गावात परतल्या. ४८ जणांची आठवण त्यामुळे पुसली गेली नाही. फक्त ती दुसऱ्याच्या घंटेवर टांगलेली राहिली नाही.

दुसरं उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचं. जुलै १९४१मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी फिलिपिनो फौज अमेरिकेच्या सेवेत बोलावली. ९ एप्रिल १९४२ रोजी बाताआन द्वीपकल्पावर जी फौज जपान्यांना शरण गेली तिच्यातले बहुसंख्य फिलिपिनो होते. कैद्यांना सुमारे शंभर किलोमीटर चालवत नेलं, हजारो वाटेत मेले. पुढे १९४६च्या फेब्रुवारीत, फिलिपिन्स स्वतंत्र व्हायला काही महिने उरले असताना, अमेरिकन काँग्रेसनं कायदा केला. लाभांच्या दृष्टीनं या बहुतेकांची सेवा अमेरिकन सैन्यातली सक्रिय सेवा धरली जाणार नाही! लढताना आमचे, हिशोबाला बसल्यावर तुमचे. २००९मध्ये हयात असलेल्यांना एकरकमी पैसे देण्याचं ठरलं, अमेरिकन नागरिक झालेल्यांना १५ हजार डॉलर, न झालेल्यांना ९ हजार. २०१६मध्ये काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याचा कायदा झाला. तोवर बहुतेक जण जगातून गेले होते.

इथे 'दिले' या क्रियापदाचं पितळ उघडं पडतं. ज्याच्या प्राणांना तुम्ही दान म्हणता त्याच्या विधवेला पेन्शन देताना तुम्ही करारातली कलमं काढता. स्मारकाची भाषा आणि खजिन्याची भाषा शेजारी ठेवून वाचली की स्मारकाचा खरा लेखक कळतो.

तिसरी गोष्ट मनिलाची. १९४५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शहर परत घेताना सुमारे १ लाख नागरिक मेले, जपानी सैन्याच्या कत्तलीत आणि अमेरिकन तोफांच्या माऱ्यातही. अमेरिकन सैनिकांची सुमारे सतरा हजार कबरींची देखणी दफनभूमी मनिलात आहे. या नागरिकांचं स्मारक मात्र १९९५मध्ये उभं राहिलं, पन्नास वर्षांनी. त्यावरचा मजकूर निक वाकीन या फिलिपिनो लेखकानं लिहिला आणि ज्यांना कबरही मिळाली नाही अशा अनामिकांना ते स्मारक वाहिलेलं आहे. नावं तिथेही नाहीत. पण बसऱ्याला नावं ठाऊक असून कोरली नाहीत. मनिलात ती सांगायलाच कोणी उरलं नव्हतं, आणि स्मारक ते तोंडानं कबूल करतं. न लिहिणं आणि लिहिता न येणं यात फरक आहे. चांगला वाचक तो ओळखतो.

एकाच जिल्ह्यातले दोन दगड

आता परत घरी येऊ. सातारा जिल्हा घ्या. १९४१-४२मध्ये या जिल्ह्याची मुलं आफ्रिकेच्या वाळवंटात इंग्रजांच्या पलटणीत होती. त्याच काळात, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, वडूजला इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. पुढे याच जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. म्हणजे एकाच खेड्यात, कधी एकाच भावकीत, एक जण सरकारच्या पलटणीत आणि दुसरा सरकारच्या यादीत फरारी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरिस्टर अंतुले यांच्या कारकिर्दीत राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायला घेतली. त्यामुळे दोन वेगळे मजकूर तयार झाले. चावडीत राजाच्या युद्धाची शिळा, गावाबाहेर हुतात्म्यांचं स्मारक. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. एकाला पंधरा ऑगस्टला हार पडतो, दुसऱ्यावर दर दिवाळीला चुन्याचा हात फिरतो आणि अक्षरं बुजत जातात.

आम्हांला काय म्हणायचं आहे ते आता सरळ सांगतो. केरेनला पडलेल्याला हुतात्मा म्हणू नका, तो शब्द वडूजचा आहे. पण त्याला गद्दार म्हणायचा अधिकारही आपल्याला नाही, आणि विसरायचा तर मुळीच नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'कामी आला'. फक्त त्यापुढे कोणाच्या आणि कशामुळे, हे लिहायची हिंमत हवी.

म्हणून कुठलंही युद्धस्मारक वाचताना तीन प्रश्न विचारावेत असं आम्ही सुचवतो. पहिला, इथे नाव आहे की आकडा? दुसरा, आज्ञा कोणाची होती हे इथे लिहिलंय की झाकलंय? तिसरा, बोलतंय कोण, आणि मेलेल्याच्या माणसांना दुसरं वाक्य जोडायला जागा आहे का? कोरेगाव पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतं, आणि तिसऱ्यात त्याला लोकांनी उत्तीर्ण केलं. बालांगिगाच्या घंटेनं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ११७ वर्षं घेतली. सुदान ब्लॉकमध्ये बोलणारा बदलला, पण डोंगरावरच्या माणसाला अजून तोंड फुटलेलं नाही. गावातल्या शिळा तिन्ही प्रश्नांत अडतात. त्यांच्याबाबतीत मात्र आपल्याला काही करता येण्यासारखं आहे.

ते कामही फार अवघड नाही. युद्धकबर आयोगाच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हा आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, पलटणींचे इतिहास आहेत, घराघरांत पदकं आणि पेन्शनची कागदपत्रं आहेत. शाळेतली दहा मुलं आणि एक शिक्षक वर्षभरात एका गावची यादी करतील. जुनी शिळा काढायची नाही. तिच्या खाली दुसरी लावायची, मराठीत. त्यात नावं असावीत, ती माणसं कोणत्या मुलखात पडली ते असावं, आणि एक साधं वाक्य असावं की तेव्हा देश स्वतंत्र नव्हता, लढाईचा निर्णय यांनी किंवा यांच्या गावानं केला नव्हता.

कोणी म्हणेल, खडकवासल्यात बसून हे बोलणं सैनिकांचा अवमान आहे. आम्हांला तसं वाटत नाही. उलट स्वातंत्र्याचा सैनिकाच्या दृष्टीनं अर्थ काय, हे या दगडांवरूनच कळतं. केरेनच्या शिपायाला ज्यानं हुकूम दिला त्याला त्याचा बाप जाब विचारू शकत नव्हता. आज पलीकडे जो मुलगा किंवा मुलगी कवायत करते आहे, तिला हुकूम देणारं सरकार तुम्ही-आम्ही निवडतो. म्हणून 'कोणाच्या कामी?' हा प्रश्न आता आपल्याकडे रोखलेला आहे, आणि तो विचारत राहणं हे नागरिकाचं काम आहे, देशद्रोह नाही.

ज्यांच्या गावात अशी शिळा असेल त्यांनी आधी बोलावं, आमच्यापेक्षा त्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे. प्रश्न त्यानंतर घेऊ.